पोटाचा पट्टा: साडेतीन तारे, तेही अस्तर लावल्यावर

मी ब्लाउज शिवते, एकवीस वर्षं झाली. शिवलेली कुठलीही वस्तू हातात आली की आधी ती उलटी करून आतली शिलाई बघायची, ही माझी खोड. यंदा जूनच्या शेवटी माझी गर्भाची पिशवी काढली. दवाखान्याच्या कागदावर लिहून दिलेला पोटाचा पट्टा समोर आला तेव्हाही मी पडल्या पडल्या तो उलटाच केला. इलॅस्टिकच्या तीन पट्ट्या एकीला एक जोडलेल्या, एकूण रुंदी नऊ इंच, कडेला पायपिंग, पुढे तळहाताएवढी वेल्क्रोची चिकटपट्टी. शिलाई सरळ होती, त्यात नाव ठेवायला जागा नाही. पण पट्ट्या जिथे जोडल्या होत्या तो जोड आतल्या बाजूने कडक, नखाला लागेल असा. आणि खालचा जोड बरोबर माझ्या टाक्यांवर येणार होता. तेव्हाच म्हटलं, ह्याला अस्तर लागणार.

कंपनीचं नाव लिहीत नाही. एक तर मी दोन कंपन्यांचे दोन पट्टे वापरले आणि घडण दोन्हींची सारखीच निघाली. दुसरं म्हणजे मला जे सांगायचंय ते कंपनीबद्दल कमी आणि पोटाबद्दल जास्त आहे. ऑपरेशननंतर पोट फुगतं हे सगळ्या सांगतात. कुठल्या फुगण्याला पट्टा चालतो आणि कुठल्याला नाही, हे मला कुणी सांगितलं नाही. ते मी इंचटेप लावून शोधलं.

आधी थोडं ऑपरेशनविषयी. गाठी होत्या, दोन वर्षं अंगावरून जात होतं, रक्त साडेआठवर आलेलं. लग्नसराईचे ब्लाउज संपू देत म्हणून मी जूनपर्यंत ढकललं. सोनोग्राफीत पिशवी १८ आठवड्यांच्या गरोदरपणात असते तेवढी निघाली. मॅडम म्हणाल्या, तुमचं दुर्बिणीने नको, पोट उघडूनच करू. आडवा छेद, साडीच्या निरीखाली झाकला जाईल असा. अंडाशयं ठेवली. आमचं मिरजेत झालं. मिरज म्हणजे तंबोऱ्यांचं आणि दवाखान्यांचं गाव. एकेका गल्लीत चार-चार दवाखाने आणि त्यांच्या पायथ्याशी सर्जिकलची दुकानं, त्यामुळे पट्ट्यासाठी कुठे हिंडावं लागत नाही.

काढलेली पिशवी ह्यांना बाहेर ट्रेमध्ये दाखवली. सोललेल्या नारळाएवढी होती म्हणे. शुद्धीत येऊन नीट बघता आलं तेव्हा माझी नजर आधी पोटावर गेली. नारळ बाहेर गेला आणि पोट होतं त्याहून मोठं! मी ह्यांना विचारलं, "नक्की काढली ना?"

पहिले दोन दिवस वॉर्डात एकच प्रश्न. सिस्टर यायची, सलाईन बघायची आणि सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात विचारायची, "मावशी, गॅस पास झाला का?" पहिल्या दिवशी मी लाजले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाला तेव्हा मीच हाक मारून सांगितलं, दहावीचा निकाल लागल्यासारखं. तोवर पोट तट्ट, टिचकी मारली तर ढोलकीचा आवाज येईल असं. मॅडमनी समजावलं ते असं: भूल दिली, आतड्यांना हात लागला, वर दुखायचं थांबायला कडक औषधं चालू आहेत, की आतडी काम थांबवून बसतात. लहान आतडं दिवसभरात चालू होतं, मोठ्याला दोन-तीन दिवस लागतात. तोवर वारा आतच अडकतो. त्यांनी दिवसातून तीनदा च्युइंगगम चघळायला लावलं. आतड्यांना वाटतं जेवण आलं, आणि ती जागी होतात. माझ्या सासूबाईंना, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, हे काही पटलं नाही. सून पलंगावर बसून गुरासारखी रवंथ करतेय हे बघून त्या दोनदा तोंड फिरवून बसल्या.

शेजारच्या खाटेवरच्या बाईंचं दुर्बिणीचं होतं. त्यांचं पोट माझ्यापेक्षा लवकर उतरलं, पण उजव्या खांद्यात अशी कळ की हात वर होईना. त्यांना वाटलं झोपवताना हात पिरगळला. तसं नव्हतं. दुर्बिणीने बघायला जागा व्हावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. शेवटी काढून घेतात, पण थोडा मागे राहतो. तो छातीखालच्या पडद्याला डिवचतो, आणि पडद्याची नस मानेतून खाली येते, म्हणून दुखतो खांदा. दोन-तीन दिवसांत तो गॅस अंगातच जिरतो. त्या गॅसला ओवा-बडीशेपेचा काही उपयोग नाही, कारण तो आतड्यात नसतोच. हे ऐकून त्यांच्या बहिणीने आणलेली ओव्याची पुरचुंडी माझ्याकडे आली.

आता पट्टा.

पहिला पट्टा ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ह्यांनी आणला. दुकानदाराने विचारलं, "बाई केवढ्या आहेत?" ह्यांनी सांगितलं, "मध्यम." झालं, मीडियम. जन्मभर दुसऱ्यांची मापं घेणाऱ्या बाईच्या पट्ट्याचं माप असं अंदाजाने घेतलं गेलं, ह्याचं मला टाक्यांपेक्षा जास्त दुखलं. तिसऱ्या दिवशी उभं करायच्या आधी सिस्टरने तो बांधायला घेतला तर दोन टोकं कशीबशी भेटली, वेल्क्रोला वेल्क्रो बोटभरच चिकटली. खोकला आला की चर्रर्र आवाज करून सुटायची. ₹४५० गेले. ह्यांनी बदलून मागितला तर दुकानदार म्हणाला, अंगाला लागलेला माल परत घेत नाही. त्याचं अगदीच चुकलं असं नाही, मीसुद्धा शिवलेला ब्लाउज परत घेत नाही. पण मी माप घेतल्याशिवाय कात्री लावत नाही, हाही फरक आहे.

दुसरा आणायला ह्यांना पाठवताना मी स्वतः टेप लावून घेतला. डब्यावर जो मापांचा तक्ता असतो तो इंचांत आणि सेंटीमीटरमध्ये असतो, आणि तो परकराच्या नाडीचा नंबर नसतो. पोटाचा घेर जिथे सगळ्यात मोठा, तिथलं माप घ्यायचं. आणि ते संध्याकाळी घ्यायचं. माझं सकाळी साडेअडतीस, संध्याकाळी साडेचाळीस. सकाळच्या मापाने आणलेला पट्टा दुपारी चारनंतर गळफास होतो. दुसरा ₹६२० चा, लार्ज. तो बसला.

बसला म्हणजे उभी असताना बसला. मी चार फूट अकरा इंच. माझ्या बरगडीपासून मांडीपर्यंत नऊ इंच जागाच नाही! खाली बसले की वरची कड बरगडीत आणि खालची जांघेत. उंच बाईला हा प्रश्न येत नसेल. बुटक्या बायांनी रुंदीला कमी असा पट्टा मागून बघावा, काही दुकानांत मिळतो. मला हे उशिरा कळलं, त्यामुळे मी वरची एक पट्टी उसवून टाकायचा विचार केला होता. मुलीने उसवणी लपवून ठेवली.

बांधायची पद्धत फिजिओच्या ताईंनी दाखवली ती फार कामाची. उभं राहून बांधायचा नाही. आडवं पडायचं, गुडघे दुमडायचे, पट्टा कमरेखाली सारायचा, आणि खालून वर ओढत चिकटवायचा. पोट तेव्हा सैल पडलेलं असतं. पट्ट्यात दोन बोटं सहज गेली पाहिजेत. बांधल्यावर खोल श्वास घेऊन बघायचा. छाती फुलली नाही तर घट्ट आहे. मला त्यांनी ते तीन गोळ्यांचं फुंकणीसारखं खेळणं दिलं होतं, श्वास आत ओढला की गोळ्या वर जातात. पट्टा घट्ट असला की माझी तिसरी गोळी वर जायची नाही. जरा सैल केला की जायची. पट्ट्याचं माप बघायला ह्याहून चांगला टेप नाही.

उठताना, खोकताना, पायऱ्या चढताना पट्टा असा आधार देतो की बस्स. पहिल्यांदा बांधून पलंगावरून उतरले तेव्हा पोट सुटून खाली पडेल ही जी भीती होती ना, ती निम्मी झाली. भीती गेली म्हणून मी चालले, आणि चालले म्हणून उरलेला गॅस सुटला. पट्ट्याचं खरं काम हे एवढंच, आणि ते तो चोख करतो. साडेतीन ताऱ्यांतले तीन ह्याचे.

दुकानदार मात्र ह्यांना म्हणाला होता, "बांधा, पोट आठ दिवसांत आत." ते खोटं. इथे माझी वही कामी आली.

घरी आल्यावर करायला काही नव्हतं. मशीनला हात लावायचा नाही, दोन किलोच्या वर उचलायचं नाही, सहा आठवडे. हात शिवशिवायचे. म्हणून मापवहीचं शेवटचं पान काढलं, वर स्वतःचं नाव लिहिलं आणि रोज सकाळी सात आणि रात्री आठला दोन मापं घ्यायला लागले. एक बेंबीवर, एक टाक्यांच्या दोन बोटं वर. नवव्या दिवशी आमच्याकडे बघायला येणाऱ्यांची रीघ होती, मी तीन तास खुर्चीत बसून होते. त्या दिवशी सकाळी बेंबीवर ३७, खाली ३९. रात्री बेंबीवर साडेसदतीस, खाली ४१. म्हणजे वर काही नाही, खाली दोन इंच.

अकराव्या दिवशी आषाढी एकादशी आली. आत्या म्हणाल्या, तू आजारी, तू धरू नकोस. मी उपास धरला नाही. पण एकादशी दुप्पट खाशी ही म्हण काय उगाच पडली का? घरभर साबुदाण्याच्या खिचडीचा वास सुटलेला, वर शेंगदाण्याचं कूट, बटाटा, तुपात तळलेली मिरची. आठ दिवस मऊ भात आणि मुगाचं वरण खाल्लेल्या माणसाने काय करावं? एक वाटी खाल्ली. मग अर्धी. संध्याकाळी पाचला पोट गच्च. रात्रीचं माप, बेंबीवर ३७ चे ४०. खाली साडेएकोणचाळीसचे ४०. ह्या वेळी सगळं वर आणि खाली जवळजवळ काही नाही.

पान समोर धरून बसले तेव्हा उलगडलं. पोट दोन तऱ्हांनी फुगत होतं. एक गॅस. तो खाण्याने येतो, वर धरतो, गुरगुरतो, जागा बदलतो, कळ मारतो आणि सुटला की तासाभरात पोट उतरतं. दुसरी सूज. ती खाण्याने नाही, उभं राहण्याने आणि बसून राहण्याने येते, टाक्यांच्या वर वळकटीसारखी जमते, हात लावला तर बधिर लागते, आणि रात्रभर पाय लांब करून झोपल्यावरच उतरते. चौदाव्या दिवशी तपासणीला गेले तेव्हा मी वही मॅडमना दाखवली. त्या आधी हसल्या, मग चष्मा लावून नीट वाचली. म्हणाल्या, बरोबर आहे. बधिरपणा छेद घेताना कातडीच्या बारीक नसा कापल्या जातात म्हणून, तो हळूहळू कमी होईल. सूज सहा आठवडे तर राहतेच, कुणाकुणाला तीन महिने जातात. आणि पट्ट्याने ती जात नाही, फक्त जड वाटत नाही.

गॅससाठी तर पट्टा वैरीच. एकादशीच्या संध्याकाळी मी तो "आधार" म्हणून घट्ट केला होता, हा माझाच शहाणपणा. फुगलेल्या पिशवीला मधोमध नाडी आवळली की वरचा भाग कुठे जाणार? छातीकडे. घशाशी आंबट आलं, श्वास अपुरा पडायला लागला, मी घाबरले आणि मुलीने मॅडमना फोन लावला. त्यांनी पट्टा काढायला लावला आणि भराभर विचारलं: गॅस सरतोय का? उलटी झाली का? ताप आहे का? पोट दगडासारखं लागतंय का आणि दुखणं वाढत चाललंय का? खालून घाण वासाचं किंवा जास्त रक्त जातंय का? एका पोटरीला सूज, दुखणं? लघवी होतेय का? सगळ्याला माझं उत्तर ठीक होतं. तेव्हा म्हणाल्या, मग फेऱ्या मारा आणि उद्या पेज प्या. ह्यातलं एक जरी उत्तर वाकडं आलं असतं तर रात्रीच गाडी काढायला लावणार होत्या. हे प्रश्न मुलीने कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवले, अजून आहेत.

तेव्हापासून माझा नेम: जेवायच्या आधी पट्टा सोडायचा, जेवल्यावर तासभर उघडंच राहायचं, मग फिरायला निघताना बांधायचा. झोपताना नाही. आणि दिवसभर घालून बसायचा नाही, पोटाच्या स्नायूंनाही काहीतरी काम राहू द्या.

बाकी गोष्टींचा निकाल पटकन सांगते, कारण ह्याच काळात घरात औषधांचं दुकान झालं होतं. चघळायची गॅसची गोळी, सिमेथिकोनची: बुडबुडे फुटतात, वाऱ्याची कळ कमी होते, पण बद्धकोष्ठ असेल तर तिचं काही चालत नाही. माझं खरं दुखणं तेच होतं. दुखायच्या गोळीने एकीकडून कोठा बांधला, रक्ताच्या गोळीने दुसरीकडून. आधी एक गोड पातळ औषध मिळालं, लॅक्टुलोज. त्याने साफ झालं, पण पोट अजून गुडगुडायला लागलं. ते आतड्यात आंबतं आणि स्वतःच गॅस करतं, हे मॅडमनी विचारल्यावर सांगितलं आणि पाण्यात ढवळून घ्यायची पावडर लिहून दिली. इसबगोल मी चौथ्या आठवड्यात चालू केलं, एक चमचा आणि दोन मोठे पेले पाणी. आमच्या एका गिऱ्हाईक बाईंनी अर्ध्या पेल्यात दोन चमचे घेतले होते, त्यांचं पोट सिमेंट झालं. फसफसणारा सोडा ह्यांनी प्रेमाने आणला. पेल्यात दिसणारे बुडबुडे पोटात कुठे जातात हे मला ह्यांना समजावून सांगावं लागलं. ढेकर आली की बरं वाटतं, पण आहे त्यात भर घालून ढेकर काढण्यात काय हशील. च्युइंगगमसुद्धा घरी आल्यावर बंद केलं, चघळताना वारा गिळला जातो. आत्यांचा हिंगाचा लेप बेंबीभोवती, टाक्यांपासून लांब: उपयोग झाला का माहीत नाही, पण त्या बोटांनी हळूहळू गोल फिरवत लावायच्या तेव्हा झोप लागायची, म्हणून मी रोज लावून घेतला.

पोटाला सगळ्यात जास्त उतार पडला तो अंगणातल्या फेऱ्यांनी. दर जेवणानंतर दहा मिनिटं, तुळशीपासून नळापर्यंत. पहिल्या आठवड्यात आठ फेऱ्यांत दम लागायचा. फुकटचं औषध आहे, म्हणून कुणी कागदावर ठळक लिहीत नाही.

आता अस्तराचं. कडक जोड टाक्यांवर घासून तिथे लाल पट्टा उठला होता. पावसाळा, दमट हवा, इलॅस्टिकखाली घाम. मुलीला सांगून पेटीतली मलमल काढायला लावली, जुनी, दहा वेळा धुतलेली. नवी मलमल आधी आटते आणि खळीने कडक असते, ती नको. पट्ट्यापेक्षा दीड इंच जास्त रुंद कापायची, दोन्ही कडा आत न दुमडता बाहेरच्या बाजूला दुमडायच्या, म्हणजे दुमड अंगाला लागत नाही. आणि अस्तर ताणून शिवायचं नाही. इलॅस्टिक ताणलं की कापड फाटतं किंवा इलॅस्टिक ताणलंच जात नाही. म्हणून अस्तर फक्त वरच्या आणि पुढच्या टोकाला चार-चार टाक्यांनी अडकवायचं, बाकी मोकळं. मी पडून सांगत होते आणि मुलगी हाताने शिवत होती. बारावीतली मुलगी, इतकी वर्षं सुईकडे ढुंकून बघितलं नव्हतं. तिचे टाके गव्हाच्या दाण्याएवढे. मी काही बोलले नाही. एवढे मोठे टाके आमच्या दुकानात कुणी घातले असते तर मी उसवले असते.

अस्तर धुवायला सोपं. रोज एक बदलायचं, अशी तीन केली. पट्टा मात्र पाण्यात पडला की संपलं. जुलैमध्ये सांगलीकडच्या पावसात इलॅस्टिक दोन दिवस वाळत नाही. पिळायचा नाही, वेल्क्रो बंद करून हाताने धुवायचा आणि पंख्याखाली आडवा टाकायचा, टांगला तर पाण्याच्या वजनाने लांबतो. इथे तो नापास झालेला पहिला पट्टा उपयोगी आला. दुसरा वाळेपर्यंत मी तो घालायची, पाचव्या आठवड्यापासून तो बसायलाही लागला. वेल्क्रोची एक तक्रार राहिली. तिची खरखरीत बाजू थोडीही बाहेर राहिली की गाऊनचे धागे ओढते. माझे दोन गाऊन आणि आत्यांचं एक लुगडं तिने धरलं. कंपनीने मऊ बाजू अर्धा इंच मोठी ठेवली असती तर हे झालं नसतं. अर्ध्या इंचाचा प्रश्न आहे.

लुगड्यावरून आठवलं. माझ्या बाळंतपणात आईने जुन्या लुगड्याच्या पट्टीने माझं पोट बांधलं होतं, सव्वा महिना. ह्या वेळी आई बघायला आली, पट्टा हातात घेऊन ताणला, सोडला आणि म्हणाली, "हे तर रबर हाय. लुगडं ऐकतं, हे ऐकत न्हाई." तिचं अगदी खोटं नाही. लुगडं पाहिजे तिथे सैल करता येतं, हवा खेळते, घाम टिपतं. पण ते बांधायला दुसरं माणूस लागतं, आणि टाके ओले असताना कुणी प्रेमाने आवळलं तर नको ते व्हायचं. पट्टा मी एकटीने, रात्री तीन वाजता कुणाला न उठवता बांधू शकत होते. त्यासाठी अर्धा तारा.

सहा आठवड्यांनी मॅडमनी मोकळीक दिली. मशीनला मोटर बसवून घेतली, पायडल अजून नको म्हणाल्या. आता वहीत मापं आहेत ती अशी: सकाळी बेंबीवर ३५, खाली साडेपस्तीस. दिवसभर बसून शिवलं तर रात्री खाली साडेछत्तीस. एक इंच अजून येतो. गौरी-गणपतीच्या गर्दीत दोन येत होता.

परवा एक गिऱ्हाईक आली, तिचं पुढच्या आठवड्यात आहे. ब्लाउजबरोबर पिशवीतून कोरा पट्टा काढला, डबा फोडलेला नाही, आणि म्हणाली, "वहिनी, ह्याला तुमच्यासारखं अस्तर लावून द्या." मीडियम होता. कुणी माप घेतलं विचारलं, तर म्हणाली दुकानदाराने बघून दिला. घड्याळात सकाळचे अकरा वाजले होते. मी तिला म्हटलं, डबा तसाच ठेव, फोडू नकोस, आणि संध्याकाळी सातला ये, टेप लावू.